एक वीत चार बोटं

चांगुणा,

आज पहिल्यांदा तुझ्या कमोडवर बसलो. कामासाठी नाही. झाकण लावलं, लेंगा आवरला आणि ओट्यावर बसावं तसा बसलो. दुपारचे तीन वाजले असतील. वरच्या झरोक्यातनं उन्हाची एक पट्टी येते ना, ती तुझ्या काठीवर पडली होती. काठी अजून तिथंच आहे, टाकीच्या मागं, त्या फटीत. कोणी हलवली नाही. मी हलवू दिली नाही.

पाठ टाकीला टेकली आणि माझा डोळा लागला. तू हसशील. जन्मभर ज्याला नावं ठेवली त्याच्यावरच बसून म्हातारा घोरला म्हणशील. घोरलो असेन. पण तेवढ्या झोपेत जे दिसलं ते तुला सांगायचंय. ते सांगायचं तर आधी आज सकाळचं सांगायला पाहिजे, आणि सकाळचं सांगायचं तर त्या दुकानाच्या दिवसाचं. माझी शाळा तिसरीपर्यंत. एकातनं एक निघालं की मला मधे थांबता येत नाही. तू मधे ‘हं’ म्हणायचीस, त्यावर माझी गाडी चालायची. आता ‘हं’ कोण म्हणणार? चालवतो तशीच.

तुझं तेरावं होऊन आठ दिवस झाले. माणसं यायची थांबली. आली तेव्हा सगळे तुझ्या हाताबद्दल बोलले. तुझ्या हाताचं सुकटीचं कालवण, तुझ्या हातच्या भाकऱ्या, बाळंतिणीच्या अंगाला लागलेला तुझा हात. मी भिंतीला टेकून ऐकत होतो आणि मला तुझा एकच हात दिसत होता. दुकानातल्या टेबलावर ठेवलेला. पालथा, बोटं ताणलेली.

दुपारी पडलो की आतल्या खोलीपलीकडं टाकी भरायची. ती गळायची, तुला माहीतच आहे. आतलं रबर खराब झालेलं, थेंब थेंब पाणी भांड्यात जायचं आणि थोड्या वेळानं टाकी आपली आपणच भरायला लागायची. सुंऽऽ करून बारीक आवाज, मग जरा भरीव, मग टक. अर्धवट झोपेत मला वाटायचं, तू आत आहेस. आता काठी वाजेल, आता कडी निघेल, आता ‘उठा, चहा ठेवते’ म्हणशील. मी डोळे उघडायचोच नाही. उघडले की खोली रिकामी होणार, हे झोपेतसुद्धा कळायचं. असे वीस दिवस काढले. दिवसातनं पाच-सात वेळा तू आत जात होतीस आणि बाहेर काही येत नव्हतीस.

आधीचं भांडं मी माझ्या हातानं बसवलेलं, हे मी किती वेळा सांगितलं असेल. तू लोकांसमोर पुढचं वाक्य म्हणून दाखवायचीस, “आळीत पयला संडास आमचा.” तू म्हणायचीस तेव्हा लोक हसायचे आणि मला राग यायचा. पण खरंच पहिला होता ना? अंबरनाथला आपण घर बांधलं तेव्हा इकडं सगळं रान. बायका पहाटे टमरेल घेऊन ओढ्याकडं जायच्या. तू नवी नवरी, ओढ्याकडं जायला घाबरायचीस, नाग दिसला होता म्हणालीस. मी कंपनीतनं सुटून येऊन खड्डा खणला. भांडं बदलापूरहून डोक्यावरनं आणलं, चालत. दोन पावलांचं खाली बसायचं भांडं, कडेला निळी रेघ. त्या दिवशी तू दार लावून आत गेलीस ती बराच वेळ बाहेर आली नाहीस. मी विचारलं काय झालं, तर म्हणालीस, “काय नाय. दार लावून बसायला कसं वाटतं ते बघत होते.”

तेव्हापासून ते भांडं म्हणजे माझी छाती. त्याला कोणी हात लावायचा नाही.

मग तुझे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाला, खाली बसणं बंद. संतोष म्हणाला, “बाबा, कमोड बसवून घेऊ, मी सुट्टी काढतो.” मी काय केलं? विहिरीचा जुना रहाटाचा दोर होता, तो छताच्या कडीला बांधला आणि तुला म्हटलं, हा धर आणि ऊठ. गाठ एवढी पक्की मारली की मलाच माझा अभिमान वाटला. तू दोन वर्षं तो दोर धरून उठलीस. तुझ्या तळहाताला घट्टे पडले, विळ्याचे नव्हेत, दोराचे. आणि संतोषनं पुन्हा विषय काढला तेव्हा मी जेवताना सगळ्यांसमोर म्हणालो, “ज्याला खाली बसता येत नाही तो माणूस कसला.”

तू वाढत होतीस. हातातला भात तसाच राहिला. मग माझ्या ताटात घातलास, नेहमीपेक्षा जास्त. आपलं हे भांडण अर्धंच राहिलं बघ. मी पुढं कधी माफी मागितली नाही, तू कधी मागायला लावली नाहीस.

नंतर महिनाभरात तुझ्या हातातनं दोर सुटला आणि तू बसल्या जागी कलंडलीस. लागलं फार नाही. पण आतनं तू मला हाक मारली नाहीस, रेश्माला मारलीस. आपल्या सुनेला. दाराबाहेर मी उभा होतो आणि तू तिचं नाव घेतलंस. त्या दिवशी मी म्हणालो, ठीक आहे, आणा काय आणायचं ते.

पण ‘ठीक आहे’ म्हणूनसुद्धा मी सरळ वागलो का? मिस्त्री आला रामआसरे. तो म्हणाला, “चाचा, पहले सीट लाओ, फिर मैं पाइप डालूंगा.” मी म्हटलं, माझ्या घरात भोक माझ्या मापानं पडणार, भांडं मागनं त्या मापाचं आणू. भिंतीपासून किती? मी खाली वाकलो, फरशीवर वीत टाकली आणि पुढं चार बोटं. त्यानं कोळशानं खूण केली आणि वर पट्टी लावली. म्हणाला, “बारा इंच. दुकान में बारा बोलना.” मी म्हटलं, इंचबिंच मला सांगू नको, एक वीत चार बोटं म्हणजे एक वीत चार बोटं.

हे माप तुला मी सांगायला नको. आपण नदीकाठच्या तुकड्यावर काकडी लावायचो, भेंडी लावायचो. मी पुढं खुरप्यानं भोक पाडत जायचो, तू मागनं बी टोकत यायचीस. दोन रोपांत अंतर एक वीत चार बोटं. पहिल्या वर्षी तुझ्या ओळी दाट झाल्या आणि माझ्या पातळ. मी ओरडलो. तू आपला हात माझ्या हातावर ठेवून दाखवलास. अंगठ्याला अंगठा लावला तर तुझी करंगळी माझ्या करंगळीच्या पुष्कळ अलीकडं. तेव्हापासून ठरलं, घरात वीत म्हणजे माझी वीत. तू मोजलंस की वर तुझी आणखी चार बोटं घालायची, म्हणजे माझ्या मापाला पोचायचं. चाळीस वर्षं तू घातलीस. पाटाची फळी असो, परकराचं कापड असो, लोणच्याच्या बरणीची फळी असो, तू मोजायचीस आणि शेवटी न विसरता वर चार बोटं. कोणी विचारलं तर म्हणायचीस, “ही यांची.”

तर त्या दिवशी आपण रिक्षानं उल्हासनगरला गेलो, कॅम्प दोनच्या बाजारात. तू लग्नाला निघावं तशी जांभळी साडी नेसली होतीस. मी म्हटलं, कोणाच्या हळदीला? तू म्हणालीस, “माझ्याच.”

ते दुकान मी अजून विसरत नाही. बाहेर एवढी गर्दी, कपड्यांचे ढीग, हातगाड्या, आणि काचेच्या आत सगळं पांढरं शांत. कमोडच कमोड, ओळीनं. माझ्या आजोळी मिठागरं होती, लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून मी बघायचो, दूरपर्यंत मिठाच्या राशी आणि त्यांच्यावर ऊन. तसंच वाटलं. वाटलं, आत गेलं तर पायाला खारट लागेल.

तू पायरीवर चप्पल काढलीस. सिंधी शेट आतनं म्हणाला, “रहने दो माताजी, दुकान है, मंदिर थोडी है.”

“नाय हो, फरशी केवढी चकचकीत हाय. पाय उमटंल माझा.”

मी म्हटलं, “हगायचं भांडं घ्यायला चप्पल काढायची? मी नाही काढणार. तू जा.”

शेट भला माणूस. मला म्हणाला, “अंकल, आप भी आओ. बैठ के देखो. बैठने का पैसा नहीं लगता.”

“मी खाली बसणारा माणूस आहे,” मी म्हटलं.

तू मागं वळून बघितलंस आणि गालात हसत म्हणालीस, “व्हय, आणि उठताना भिंत धरणारा.”

दुकानातली दोन माणसं हसली. शेटही हसला. तू तर चेष्टाच केली होतीस, घरात रोज करायचीस तशी. पण माझी मान ताठ झाली. मी दोन्ही हात मागं बांधले आणि पायरीवर उभा राहिलो. आत यायचं नाही म्हणजे नाही.

तू एकेक बघत फिरलीस. एकाचं झाकण उघडलंस, ते हळूहळू आपोआप मिटलं, तुला गंमत वाटली, पुन्हा उघडलंस. एकावर बसून पाहिलंस, पदर सावरून, फोटो काढायला बसावं तशी. मला काचेतनं दिसत होतं. ऐकू येत होतं अर्धंमुर्धं. शेटनं विचारलं, “माताजी, दीवार से छेद कितना दूर रखा है?”

तू माझ्याकडं बघितलंस. मी पायरीवरनं मोठ्यानं म्हटलं, “एक वीत चार बोटं.”

“ये कौनसी कंपनी का माप है, साईं?” शेट म्हणाला, आणि त्यानं टेबलावर लोखंडी पट्टी ओढून ठेवली. “दिखाओ माताजी, हाथ से ही दिखाओ.”

तू पट्टीवर वीत टाकलीस. पुढं दुसऱ्या हाताची चार बोटं लावलीस. आणि थांबलीस.

मी वाट बघत राहिलो की आता वर चार बोटं घालशील. घातली नाहीस. हात तसाच. समोरच्या भिंतीवर आरसे लावलेले होते, बेसिनांच्या वर एकेक. तू मान वर करून आरशात बघत होतीस. मला वाटलं कुंकू बघते आहेस, घामानं पसरलं का. शेट वाकून म्हणाला, “साडे नौ. मतलब नौवाला लगेगा.” तरी तू हात उचलला नाहीस. तो वही काढायला गेला, तरी नाही. केवढा वेळ गेला. मला वाटलं तू मोजते आहेस.

चांगुणा, मला कळलं होतं. त्याच वेळी कळलं होतं की तू तुझ्याच हाताचं माप दिलंस. काचेचा दरवाजा दोन पावलांवर होता. चप्पल काढायची आणि आत यायचं, एवढंच. किंवा चप्पल घालूनच. किंवा पायरीवरनं नुसती हाक मारायची, अगं, वरची चार बोटं. मी मारली नाही. मी मनात म्हटलं, पडू दे एकदा तोंडघशी. भिंत धरणारा म्हणते.

टेंपोतनं भांडं आलं. रामआसरेनं भोकावर ठेवून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. भांडं भोकावर बरोबर बसलं, पण मागं टाकी आणि भिंत यांच्यामधे फट राहिली. “चाचा, ये तो नौवाला है. मैंने बारा बोला था.”

“तिला विचार,” मी म्हटलं. “तिनं आणलं.”

तू दारात उभी होतीस. म्हणालीस, “माझ्याच हातानं झाला. हात ल्हान माझा. बसव बाबा तसंच, दोन दिस झाले, शेजाऱ्यांच्या दारात जाते मी.”

त्यानं तसंच बसवलं. भिंत सोडून, पुढं आलेलं. जो येईल तो हसायचा. माझी बहीण म्हणाली, “वहिनी, भिंतीशी भांडला काय गो हा?” तू सगळ्यांना हात दाखवायचीस, बोटं पसरून, हा बघा, एवढाच हाय. आणि मी एकदा नाही, तीन-चार वेळा, चारचौघांत म्हणालो, “बाईच्या हातात माप दिलं की असं होतं.” म्हणताना मला चांगलं वाटायचं, हेही लिहून टाकतो.

पाच महिने तू ते वापरलंस. दोर मी सोडला नव्हता, तो तूच एक दिवस सोडलास आणि तुळशीला झेंडूचा वेल— नाही, चुकलो, कारल्याचा. कारल्याचा वेल चढवलास त्याच्यावर. फटीत काठी ठेवायला लागलीस. म्हणालीस, “बघा, कशी जागा झाली. भिंतीला चिकटून असता तर काठी कुठं ठेवली असती?” मी वरच्या मजल्यावर संतोषकडं जायचो, त्याच्याकडं खाली बसायचं भांडं आहे. सकाळी सतरा पायऱ्या चढायचो. तू खालनं ओरडायचीस, “पोचलात काय?” वरनं रेश्मा हसायची. माझे गुडघे करकरायचे आणि मी म्हणायचो, पायऱ्यांचा आवाज आहे.

तू तिथं बसायचीस पण वेळ लावून. मी एकदा चिडून विचारलं, आत काय करते एवढा वेळ? तू म्हणालीस, “इथं बसलं ना, झरोक्यातनं चिंचेचा शेंडा दिसतो. इतकी वर्षं खाली बसले, कधी दिसला नाय.” मी म्हटलं, हगायला बसायचं का चिंच बघायला? तू म्हणालीस, “दोन्ही होतं.”

मग तू गेलीस. ते मी लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

आज सकाळी संतोष रामआसरेला घेऊन आला. टाकी गळते ती नीट करायची, आणि भांडं उखडून मागं भिंतीला सरकवून बसवायचं, असा त्याचा बेत. एक वाकडा जोड मिळतो म्हणे आता, तीन इंच मागं घेता येतं. मुलगा चांगला आहे, माझ्यासाठीच करत होता. त्याला कळलं होतं की मला सतरा पायऱ्या होत नाहीत. रामआसरे पिशवी खाली ठेवत म्हणाला, “चाची का नौ इंच,” आणि जरासा हसला, मायेनंच. त्याला तू चहाबरोबर बटर द्यायचीस.

संतोष म्हणाला, “हो ना. आईनं माप चुकवलं तेव्हापासूनची फट ही. आज काढून टाकू.”

आईनं माप चुकवलं. तो माझंच वाक्य बोलत होता. मी मेलो की तो त्याच्या पोरांना सांगेल, आणि ती पुढं सांगतील. तुझ्या नावावर एवढंच राहील, भिंतीपासून सुटलेलं एक भांडं. चाळीस वर्षं वर चार बोटं घालणाऱ्या बाईच्या नावावर.

“थांब,” मी म्हटलं. “छिन्नी लावू नको. तिचं नाही चुकलं.”

संतोष म्हणाला, “बाबा, जाऊ द्या ना आता.”

“जाऊ कसं देऊ? मी पायरीवर उभा होतो. काचेतनं बघत होतो. तिनं तिचा हात ठेवला ते मी बघितलं. मला माहीत होतं चुकतंय. मी गप्प बसलो. मुद्दाम.”

माझा आवाज मला वाटला तसा आला नाही. रामआसरे छिन्नीकडं बघत राहिला. संतोषनं माझ्याकडं बघितलं नाही, त्यानं त्या फटीकडं बघितलं, काठीकडं. आत टाकी तेवढी भरत होती, सुंऽऽ.

रेश्मा चहा घेऊन दारात आली होती. तिनं कप खाली ठेवले. म्हणाली, “आईंना माहीत होतं, बाबा.”

“काय माहीत होतं?”

“तुम्ही बघत होता ते. दुकानात समोर आरसा होता ना. त्यांना तुम्ही दिसत होता आरशात, पायरीवर. मला सांगितलं होतं त्यांनी. म्हणाल्या, वरची चार बोटं मी मुद्दाम घातली नाहीत. म्हटलं, आता तरी आत येतील, म्हणतील बाजूला हो, हे असं मोजायचं. म्हणून हात तसाच धरून ठेवला. शेट बोलून गेला तरी धरला. दुखायला लागला, मग उचलला.”

मी कप उचलला आणि तसाच परत खाली ठेवला.

“मी विचारलं त्यांना,” रेश्मा म्हणाली, “मग बाबांना बोलला का नाही? मला म्हणाल्या, बोलले असते तर ते पायरी सोडून रस्त्यावर गेले असते. बोलावून येणारा माणूस नाय तो. आपणहून आला तरच येतो.”

आणि तू हसत होतीस म्हणे सांगताना. भाजी निवडत होतीस आणि हसत होतीस.

मी माझ्या मनात किती महिने चोर लपवून बसलो होतो, आणि तू त्याला दोन्ही वेळ जेवायला वाढत होतीस. ही तुझी रीतच. दोराच्या वेळी तीच, भाताच्या वेळी तीच. मला वाटायचं मी जिंकतो. मला वाटायचं ही बाई विसरते लवकर.

रामआसरेनं विचारलं, “तो क्या करना है चाचा? सरकाऊं?”

मी म्हटलं, “सरकवू नको. गळती तेवढी काढ. पाणी वाया गेलेलं तिला चालायचं नाही.” ते खरंच चालायचं नाही तुला. तांदळाचं धुवण कारल्याला घालणारी तू. हे वीस दिवस मी तुझं पाणी वाया घालवलं, नुसतं तुझा आवाज ऐकायला. माफ कर.

त्यानं रबर बदललं. टाकी एकदा भरली, टक झालं आणि गप्प झाली. मग दुपारभर गप्पच. पडलो, कान लावला, काही नाही. घर इतकं निवांत झालं की मला राहवेना. म्हणून उठून आत गेलो, दार लावलं आणि झाकणावर बसलो.

झरोक्यातनं चिंचेचा शेंडा दिसतो. तू म्हणालीस तसाच. वारा होता, पानं हलत होती, एक बुलबुल बसला होता. मी हात मागं घातला आणि फटीत चार बोटं घातली. बरोब्बर बसली. भिंत एका बाजूला गार, टाकी दुसऱ्या बाजूला गार, मधे माझी बोटं. घट्ट नाही, सैल नाही. जी चार बोटं तू घातली नाहीस ती ही. माझ्यासाठी सोडलेली जागा. मी तशीच ठेवली आणि डोळा लागला.

आणि बाजार दिसला. पण माणूस नाही एक. हातगाड्या उभ्या, कपड्यांचे ढीग तसेच, आणि आवाज नाही. काचेच्या आत पांढरं ऊन पडलेलं, मिठावर पडतं तसं. राशींमधनं वाट, आणि शेवटी टेबलाशी तू, जांभळ्या साडीत, पाठमोरी, अनवाणी. शेट नाही, कोणी नाही. पट्टीवर तुझा हात. एक वीत, पुढं चार बोटं. तू आरशात बघत होतीस आणि या वेळी मला कळत होतं कोणाला बघते आहेस.

मी पायरीवर होतो. खाली वाकलो. गुडघा करकरला, भिंत धरली. धरली तर धरली, तू बघितलंस तर बघितलंस. एक चप्पल निघाली. दुसरीचा अंगठा अडकतो, तुला माहीत आहे, तिला वेळ लागतो.

हात उचलू नकोस, चांगुणा. आलोच.